विहिरीवरचा पंप आठ मिनिटांत पाणी सोडतो. नवा घ्यायचा का?

कातळावरचा | ११ एप्रिल, रात्री १०:४०

मंडळी, घर राजापूर तालुक्यात, मी पुण्यात, आणि पंप बिघडला की फोन मला. काका निवृत्त होऊन गेल्या दिवाळीत मुंबईहून गावी राहायला गेले, काकू सोबत आहे. विहीर जांभ्यात खणलेली, ३८ फूट खोल, बांधीव. काठावर १ एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र). चार वर्षं झाली, आजवर तक्रार नाही.

फेब्रुवारीअखेरपासून नाटक सुरू झालं. बटण दाबलं की मोटार छान फिरते, पाणी येतं. आठ-दहा मिनिटांनी धार बारीक होते, मग फुसफुस, मग नुसता आवाज. बूच काढून कळशीभर पाणी ओतायचं, पुन्हा चालू करायचं, पुन्हा तेच. काका वैतागलेत, काकू पोहऱ्याने पाणी काढतेय.

आजवर झालेला खर्च: नवा फुटबॉल (फूटव्हॉल्व्ह हो, विहिरीतल्या पाइपाच्या तळाची, पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप; आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात), नवा कंडेन्सर, सील बदललं. प्लंबर आता म्हणतो मोटारीत दम राहिला नाही, २ एचपीची घ्या. दुकानदाराचंही तेच. पैसे घालायची तयारी आहे, पण घालून उपयोग होईल का तेवढं सांगा.

बोअरबहाद्दर | ११ एप्रिल, रात्री ११:०५

विहिरीचं झंझट सोडा. बोअर मारा, सबमर्सिबल टाका, बटण दाबा, झोपा.

परसदार | ११ एप्रिल, रात्री ११:२०

आले बहाद्दर. गेल्या मे महिन्यात तुमचीच मोटार बोअरमध्ये अडकली म्हणून अख्खा धागा काढला होतात, तेव्हा कुठे झोपला होतात?

कातळावरचे, घाई करू नका. मी कुडाळची, विहीर आमचीही तशीच. विहिरीचा आणि पंपाचा फोटो टाका, आतला सुद्धा.

टाँगटेस्टर | १२ एप्रिल, सकाळी ७:१५

माझं मोटार भरायचं (रिवाइंडिंगचं) दुकान आहे कऱ्हाडजवळ, बावीस वर्षं हेच करतोय. आधी एक सांगतो. कंडेन्सर बदलायची काहीच गरज नव्हती. कंडेन्सर गेला तर मोटार घूं घूं करते आणि फिरत नाही, किंवा हाताने पंखा फिरवून दिला की चालू होते. तुमची बटण दाबताच फिरते आणि आठ मिनिटं पाणी देते. म्हणजे वाइंडिंग ठीक, कंडेन्सर ठीक, बेअरिंग ठीक. "दम" नावाचा पार्ट मोटारीत नसतो.

पाणी येऊन मग सुटतं याला तीनच कारणं. फुटबॉल गळतो, सक्शनला, म्हणजे विहिरीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपाला, कुठेतरी हवा शिरते, नाहीतर पाणी खोल गेलं. काकांना या दोन गोष्टी करायला सांगा, खर्च शून्य.

पहिली. मोटार बंद. मेन स्विच खाली, नुसतं बटण नाही. पाणी भरायचं बूच काढा, काठोकाठ भरा आणि पंधरा मिनिटं बघत बसा. पाणी खाली गेलं तर फुटबॉल धरत नाही. नवा असला तरी. नव्यात सुताचा धागा किंवा टेपचा तुकडा झडपेखाली अडकलेला मी शंभरदा काढलाय. पाणी जागेवर राहिलं तर फुटबॉलला शिव्या देऊ नका.

दुसरी. मोटार चालू करा, धार चांगली असताना पेटती अगरबत्ती सक्शनच्या प्रत्येक जोडाजवळून सावकाश फिरवा. निपल (आट्यांचा जोडतुकडा), एल्बो, युनियन (सुटा करता येणारा जोड), सगळीकडे. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे हवा शिरतेय. बरेच जण तिथे साबणाचे बुडबुडे शोधतात. अरे, ते बुडबुडे डिलिव्हरीला, म्हणजे पंपातून पुढे जाणाऱ्या पाइपाला, येतात, तिथे पाणी बाहेर ढकलतं. सक्शनला उलटा कारभार, हवा आत जाते, बाहेर काय दिसणार? विहिरीच्या काठावर वारा असेल तर अगरबत्तीऐवजी जोडावर ओल्या मातीचा लपका मारा. माती मारल्यावर धार सुधारली की चोर सापडला.

सांडव्यावरचा | १२ एप्रिल, सकाळी ९:५०

टाँगटेस्टरांनी तिसरं कारण एका ओळीत गुंडाळलं, मला त्यावर जरा जास्त बोलायचंय. (निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर.)

पंपाच्या मध्यापासून पाण्याच्या पातळीपर्यंत उभं अंतर किती, हे धाग्यात अजून कोणी विचारलेलंच नाही. विहीर ३८ फूट हे कळलं, पाणी कुठे आहे? काठावरचा पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण तो फक्त पाइपातली हवा कमी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, विहिरीतल्या पाण्यावर बसलेली. तिची ताकद ठरलेली आहे. १६४३ साली टॉरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी केली तेव्हा पारा ७६ सेंटिमीटरवर थांबला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे तीच हवा पाणी १०.३ मीटर, साधारण ३४ फूट उचलेल. तेही पूर्ण निर्वातात, आदर्श पाइपात. आपल्या पंपात, फूटव्हॉल्व्ह, बेंड आणि पाइपाचं घर्षण धरून २० ते २२ फुटांपर्यंत निभावतं. त्यापुढे पंप रडायला लागतो. जितके उंचावर जाल तितकं हेही कमी. महाबळेश्वरला हवेचा दाबच इतका उतरतो की ३४ चे २९ फूट होतात. राजापूरला ती अडचण नाही.

म्हणून २ एचपीचा सल्ला ऐकून हसू आलं. मोटार दुप्पट केली म्हणून हवेचा दाब दुप्पट होत नाही. उलट मोठा पंप जास्त पाणी मागणार, त्याच पाइपात घर्षण वाढणार आणि आठ मिनिटांऐवजी पाचव्या मिनिटाला पाणी सुटणार.

दोरीला दगड बांधा, ओली खूण कुठे येते बघा, टेपने मोजा. पंप चालायच्या आधी एकदा आणि पाणी सुटल्याबरोबर एकदा.

बोअरबहाद्दर | १२ एप्रिल, सकाळी १०:१०

सर, एवढं शाळेत शिकवलं असतं तर मी नापास झालो नसतो.

कातळावरचा | १४ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

काल-आज काकांनी सगळं केलं. मी व्हिडिओ कॉलवर.

बूच काढून पाणी भरलं, वीस मिनिटं थांबलो, बोटभरही उतरलं नाही. म्हणजे फुटबॉल निर्दोष. मग अगरबत्ती. काकूने देवघरातली दिली, वर "विहिरीची पूजा करताय का" असं विचारलंही. पंपाच्या तोंडाशी जो निपल आहे तिथे धूर चक्क वळून आत गेला! पाहून अंगावर काटा आला हो. निपल काढला तर आट्यांमध्ये केसाएवढी चीर. नवा निपल, टेफलॉन टेप, वर सफेदा. सव्वाशे रुपयांत काम.

आता पंप आठऐवजी पंचवीस मिनिटं चालतो. आणि मग पुन्हा तेच, धार बारीक, फुसफुस, बंद.

मोजमाप: पंपाच्या मध्यापासून पाणी २४ फूट ६ इंच. पाणी सुटल्यावर २६ फूट. प्लंबर सक्शनमध्ये मधेच असलेल्या एका युनियनवर संशय घेत होता, कोणी उगाच जोड दिलाय म्हणाला. तोही घट्ट केला, तिथे धूर ओढला जात नाही. फोटो टाकतोय.

सांडव्यावरचा | १४ एप्रिल, संध्याकाळी ७:०५

साडेचोवीस. मिळालं उत्तर. चीर होती म्हणून आठ मिनिटं, चीर गेली म्हणून पंचवीस. दोन दुखणी एकत्र होती. दुसरं पंपाचं नाहीच. फेब्रुवारीपर्यंत पाणी वीस-एकवीस फुटांवर असणार, तोवर चाललं. मे महिन्यात अजून पाच-सहा फूट जाईल.

न्यू जर्सीच्या पलीकडे | १४ एप्रिल, रात्री ९:४५

वाचतोय सगळं. पेनसिल्व्हेनियात गावाबाहेर घर आहे, नळाचं पाणी नाही, स्वतःची बोअर. इथेही विहीर ज्याची त्याची, बिघडली की आपणच बघायचं. आमच्याकडे प्रेशर टँक असतो. ४० पीएसआयला पंप चालू, ६० ला बंद. मागच्या उन्हाळ्यात पंप दर मिनिटाला चालू-बंद, चालू-बंद. टाकीतली हवा गेली होती. पाणी रिकामं करून सायकलच्या पंपाने ३८ पर्यंत हवा भरली, झालं. पुढच्याच महिन्यात पंप पूर्ण ठप्प. प्रेशर स्विच उघडला तर काँटॅक्टमध्ये मुंग्या चिरडून बसलेल्या. पॉलिश पेपरने घासलं, चालू.

टाँगटेस्टर | १४ एप्रिल, रात्री १०:००

तुमच्याकडे मुंगी, आमच्याकडे पाल. पॅनेलच्या काँटॅक्टरमध्ये पाल घुसते, चिकटते, मोटार एकदा चालू झाली की बंदच होत नाही, नाहीतर सुरूच होत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला आठवड्याला दोन तरी पॅनेल येतात पालीची. वायर जिथून आत जाते ते भोक एमसीलने बुजवा, फुकटचा उपाय.

बोअरबहाद्दर | १४ एप्रिल, रात्री १०:२०

विषय निघालाच आहे तर. माझी सबमर्सिबल परवापासून बटण दाबल्यावर नुसती गुणगुणते आणि एमसीबी पडतो. लातूर जिल्हा, मोटार ४२० फुटांवर. वर ओढायची म्हणजे गाडी, माणसं, हजारोंचा खड्डा. आता हसा.

टाँगटेस्टर | १४ एप्रिल, रात्री १०:४५

हसत नाही. ओढू नका अजून. सिंगल फेज असेल तर पॅनेलमध्ये दोन कंडेन्सर असतात, एक स्टार्टिंगचा, काळा, आणि एक रनिंगचा. स्टार्टिंगचा फुगला किंवा त्यातून तेल आलं असेल तर तोच. मेन बंद करून, बल्बच्या दोन वायरी लावून त्यातला करंट उतरवा मगच हात लावा. बंद पॅनेलमधल्या कंडेन्सरने झटका दिलेली माणसं मी बघितलीत. नवा बसवताना डब्यावरचा आकडा जुन्याइतकाच हवा, "थोडा मोठा घालू" करू नका, वाइंडिंग जळतं.

तरी गुणगुणली तर व्होल्टेज बघा, चालू करताना. मोटार उठताना चालू करंटच्या पाच-सहा पट करंट घेते. दीड स्क्वेअर एमएमची वायर दोनशे फूट ओढली असेल तर चालताना दहा व्होल्ट पडतात, उठताना पन्नास-साठ. त्यात गावात मुळात १८० असतील तर ती बिचारी उठणार कशी? हे सगळं ठीक निघालं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून वाइंडिंग बॉडीला शॉर्ट दाखवलं, तरच गाडी बोलवा.

परसदार | १५ एप्रिल, सकाळी ८:३०

सगळे मोटारीत डोकं घालून बसलेत, फोटो कोणी नीट पाहिला का? कातळावरचे, तिसरा फोटो, विहिरीच्या आतला. उजव्या अंगाला काठापासून दहा-बारा फूट खाली कट्टा आहे, पायऱ्या तिथवर उतरतात. त्या कट्ट्यावर सिमेंटमध्ये चार बोल्ट उभे आहेत, गंजलेले. चौकोनात. ते कशाचे?

आणि पंप चार वर्षं विनातक्रार चालला म्हणता. मग मागच्या तीन उन्हाळ्यांत पाणी काय वर येऊन थांबत होतं? घरात आधी पंप कोण बघायचं?

कातळावरचा | १५ एप्रिल, दुपारी १:१०

परसदार ताई, लाज वाटतेय लिहायला.

पंप बाबा बघायचे. बाबा दिवाळीपासून माझ्याकडेच आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हणजे हा धागा मी ज्या खोलीत बसून लिहितोय तिच्या शेजारच्या खोलीत. दीड महिन्यात त्यांना विचारावं असं मला सुचलं नाही. त्यांना उगाच ताप नको, हा शहाणपणा.

आत्ता जेवताना फोटो दाखवला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, "पंप अजून वर कसा? शिमगा होऊन किती दिवस झाले?"

तर पद्धत अशी. शिमगा झाला की पंप खाली कट्ट्यावर उतरवायचा, त्या चार बोल्टांवर. मृग लागायच्या आत परत वर घ्यायचा, कारण पावसात पाणी कट्ट्याच्या वर येतं आणि पंप बुडतो. सक्शनमधली ती "उगाच दिलेली" युनियन त्याचसाठी, वरचा बारा फुटांचा तुकडा तिथून सुटतो. आणि पडवीत आढ्याला एक काळा पाइप सुंभाने बांधलेला आहे, दोन्ही टोकांना युनियन. आम्ही लहानपणापासून तो बघतोय, कशाला आहे कोणालाच माहीत नव्हतं. तो डिलिव्हरीला जोडायचा तुकडा.

बोअरबहाद्दर | १५ एप्रिल, दुपारी १:२०

😂😂 काका २ एचपीची मोटार घेऊन तीही काठावरच ठेवणार होते.

सांडव्यावरचा | १५ एप्रिल, दुपारी २:००

परसदारांना साष्टांग नमस्कार. मी टॉरिचेल्लीपर्यंत गेलो, पण कट्ट्यापर्यंत पोचलो नाही.

परसदार | १५ एप्रिल, दुपारी २:४०

नमस्कार राहू द्या. आमच्याकडेही उतरवतात म्हणून डोळा गेला, एवढंच.

आता कामाचं. काकांना एकट्याने उतरू देऊ नका. मोनोब्लॉक वीसेक किलोचा असतो, शेवाळलेल्या पायरीवर तो हातात घेऊन उतरायचं नाही, दोराने सोडायचा, वर दोन माणसं, खाली एक. उतरायच्या आधी मेन बंद, फ्यूज खिशात. स्टार्टर आणि सगळे जोड वरच ठेवा, खाली फक्त अखंड केबल. घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर पंपाच्या आधी तो बसवा. ओल्या जागी लोखंडी पंपाला हात लावायचाय तुम्हाला.

आणि कोणी शेजारी डिझेल इंजिन देतो म्हणाला तर ते विहिरीत कट्ट्यावर ठेवून चालवू नका. धूर वर जात नाही, खालचा माणूस गुदमरून जातो. वास येईल तेव्हा पळू म्हणावं तर कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

टाँगटेस्टर | १५ एप्रिल, रात्री ९:१०

जोडताना दोन गोष्टी. फुटबॉल तळापासून फूटभर तरी वर आणि पाण्याखाली दोन-तीन फूट हवा. वर राहिला तर भोवरा होऊन हवा घेतो, तळाला टेकला तर गाळ. आणि सक्शनचा पाइप पंपाकडे येताना सतत चढताच हवा, मधे कमान आली की तिथे हवा साठून बसते.

पुढच्या वर्षीसाठी म्हणून सांगतो. उतरव-चढव जमणार नसेल तर ओपनवेल सबमर्सिबल घ्या, आडवी, पाण्यातच बसते. ओढायचा प्रश्नच नाही, ढकलते. नायलॉन दोरावर सोडायची, केबलवर कधीच लटकवायची नाही. आतून पाणी भरायच्या प्रकारची मोटार असेल तर तिच्यात आधी स्वच्छ पाणी भरायचं, लोक विसरतात आणि आठ दिवसांत माझ्याकडे घेऊन येतात. सोबत ड्राय रन (पाणी संपलं की मोटार बंद करणारं यंत्र) बसवा. जेट पंपही चालेल, मोटार काठावर राहते, विहिरीत दोन पाइप आणि जेट जातो, पण पाणी कमी देतो आणि वीज तेवढीच खातो. मला विचाराल तर ओपनवेल.

कातळावरचा | २१ एप्रिल, रात्री ८:१५

शनिवारी मीच गेलो. दोघं गडी, काका आणि फोनवर बाबा. बाबांचा आवाज स्पीकरवर, "आधी वरची युनियन, आधी वरची!" पंप खाली बसला. आता पाणी पंपापासून १२ फुटांवर. १००० लिटरची टाकी चौदा मिनिटांत भरली, तिथून पुढे अर्धा तास मुद्दाम माडांना सोडून ठेवलं, धार एकदाही हलली नाही. काकूने पोहरा खुंटीला टांगला.

जुना कंडेन्सर आणि जुना फुटबॉल प्लंबरकडून परत मागून घेतले. दोन्ही चांगले आहेत. टाँगटेस्टर भाऊ, ठेवून देऊ ना?

टाँगटेस्टर | २१ एप्रिल, रात्री ८:४०

फुटबॉल ठेवा. चामड्याचा वायसर असेल तर वाळून आखडतो, लावायच्या आधी रात्रभर पाण्यात टाका. कंडेन्सर कोरड्यात ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावून.

बोअरबहाद्दर | २३ एप्रिल, सकाळी ११:००

कळवायचं राहिलं. स्टार्टिंगचा कंडेन्सर भाकरीसारखा फुगला होता. बदलला, चालू. गाडीचे पैसे वाचले. आणि पॅनेलमध्ये पाल पण होती, वाळलेली. फोटो टाकत नाही, लोक जेवत असतील.

कातळावरचा | २२ जून, रात्री १०:०५

४ तारखेला पंप वर घेतला, मृगाच्या आधी. काढताना चारांपैकी एक बोल्ट गंजून मुळातून तुटला. नवा सिमेंटमध्ये बसवायला गवंडी आज येतो, उद्या येतो करत राहिला. आज काकांचा फोन आला, कट्टा पाण्याखाली गेला. बाबा म्हणतात तीन बोल्टांवर पण बसतो, जरा थरथरतो.